आजोबांची लॅम्ब्रेटा: आधी इंजिन, रंग शेवटी

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या बंद पडलेल्या यंत्रमाग शेडमध्ये आजोबांची लॅम्ब्रेटा स्कूटर २२ वर्षे उभी आहे. किक खाली जात नाही, टाकीत गंज धरला आहे, एका बाजूचे पॅनेल सापडत नाही आणि १९६९ सालचे आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे. तुम्हाला गाडी शोरूममधून नुकतीच आल्यासारखी करायची आहे. एका गॅरेजवाल्याने तुम्हाला सांगितले, की सगळी गाडी एकदम खोलून द्या, पत्रा रंगाला पाठवू आणि तोवर इंजिनाचे बघू. हा क्रम बरोबर आहे का, खर्च किती येईल आणि एवढी खटपट करण्याजोगी ती गाडी आहे का, हे तुम्ही विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे सोलापुरात जुन्या दुचाकींचे काम करतो आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाड्या लॅम्ब्रेटा होत्या. तेव्हा पहिले उत्तर लगेच देतो: गाडी करण्याजोगी नक्की आहे, पण तुम्हाला सांगितलेला क्रम मी माझ्या हाताने कधीही पाळणार नाही. तुमच्या गाडीला खरा धोका गंजाचा नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत शेडमध्ये उभी असलेली गाडी आणखी पाच वर्षे उभी राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. धोका आहे तो अर्धवट खोलून पोत्यांत भरली जाण्याचा. २२ वर्षे उभ्या राहिलेल्या गाड्या मी रस्त्यावर आणलेल्या आहेत. पण रंगवलेला सांगाडा एका घरी, इंजिन दुसऱ्या गॅरेजमध्ये आणि सुटे भाग सहा पोत्यांत अशा अवस्थेत आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच मला परत पाठवाव्या लागल्या, कारण त्यांत नेमके काय हरवले आहे हे मालकालाही सांगता येत नव्हते.

हे मी दुसऱ्याच्या अनुभवावरून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका शिक्षकांची लॅम्ब्रेटा मी अगदी याच क्रमाने केली होती. सगळी खोलली, पत्रा रंगवून आणला, रंग इतका सुंदर झाला होता की शेजारचे लोक पाहायला येत होते. मग इंजिन बसवले आणि ते तापल्यावर बंद पडू लागले. कारण सापडेपर्यंत इंजिन तीन वेळा उतरवावे लागले, प्रत्येक वेळी नव्या रंगावर पान्ह्याचे ओरखडे आले, आणि शेवटी मागचे दोन्ही भाग पुन्हा रंगवावे लागले. त्या कामाला दोन वर्षे लागली आणि त्यांतले एक वर्ष केवळ माझ्या चुकीच्या क्रमामुळे गेले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग इंजिन, चाके आणि ब्रेक, त्यानंतर एक हंगाम गाडी जुन्याच पत्र्यात आणि जुन्याच रंगात चालवायची, आणि रंगाचा निर्णय त्यानंतर घ्यायचा.

आता तुमच्याकडे नेमकी कोणती गाडी आहे ते पाहू, कारण सुटे भाग मागवताना याच ठिकाणी सर्वाधिक गोंधळ होतो. लॅम्ब्रेटा ही मिलान शहराच्या लांब्राते भागातल्या इनोचेंती कारखान्याची स्कूटर, पहिली गाडी १९४७ सालची. फर्डिनांडो इनोचेंती हे मुळात पोलादी नळ्यांचे कारखानदार होते आणि ते त्यांच्या स्कूटरच्या रचनेतही दिसते: व्हेस्पाचे अंग हे दाबून घडवलेल्या पत्र्याचे एकसंध कवच आहे, तर लॅम्ब्रेटाचा कणा म्हणजे एक जाड पोलादी नळी, आणि बाकीचा पत्रा त्या नळीवर बोल्टने बसवलेला असतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हे फार मोठे वरदान आहे, कारण पत्र्याला हात न लावता इंजिन, चाके आणि चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) यांचे सगळे काम करता येते. माझा क्रम शक्य होतो तो याच रचनेमुळे.

तुमच्या वर्णनाप्रमाणे दिवा हँडलवर आहे आणि मागची पॅनेले रुंद, फुगीर आहेत. म्हणजे ही एलआय १५० ची दुसऱ्या मालिकेची घडण. इटलीत ही घडण १९५९ ते १९६१ एवढीच निघाली, आणि त्यामुळे तुम्हाला कोणीतरी गाडी ‘१९६० ची इटालियन’ असल्याचे सांगितले असावे. परंतु मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने हीच घडण भारतात पुढे कितीतरी वर्षे चालू ठेवली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तीच गाडी ‘लॅम्बी’ या नावाने विकली. तेव्हा आकारावरून साल काढू नका, आरसी बुकातले १९६९ हेच खरे माना. गाडी मुंबईत तयार झालेली आहे म्हणून तिची किंमत कमी होते असे मला मुळीच वाटत नाही. उलट या घडणीचे भाग भारतात अनेक वर्षे तयार होत राहिले आणि आजही होतात, म्हणून तुमचे काम सोपे आहे. इटलीतले उत्पादन १९७१ मध्ये थांबल्यावर तिथली यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडिया कंपनीकडे आली आणि तिथून ‘विजय सुपर’ निघाली. पण तिचे पत्रे तिसऱ्या मालिकेचे, सडपातळ आहेत. दुकानदाराने ‘लॅम्ब्रेटाचेच आहे’ म्हणून विजय सुपरचे पॅनेल हाती दिले तर घेऊ नका, ते तुमच्या गाडीला बसणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही स्पष्ट करतो. गाडी पुढच्या बाजूने कधी जोरात आदळलेली असेल तर मुख्य नळी मानेजवळ वाकलेली असू शकते. गाडी स्टँडवर सरळ उभी करून मागून दहा पावलांवरून पाहा, पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत आहेत का, आणि पुढचा चिमटा लेगशील्डच्या, म्हणजे पायांपुढच्या पत्र्याच्या, मधोमध येतो का. नळी वाकलेली असेल तर ती सरळ करणे हे पहिले काम ठरते आणि त्याआधी इंजिनावर रुपयाही खर्च करू नये. तसेच चेसिस क्रमांक चौकटीवर स्पष्ट वाचता येत नसेल किंवा तो आरसी बुकाशी जुळत नसेल, तर सगळा हिशेबच बदलतो. या दोन गोष्टी ठीक असतील असे धरून पुढचे लिहितो.

जाम झालेल्या इंजिनाला घाबरू नका, पण किकवर उभे राहून जोर लावू नका. किकचे दाते तुटले तर एका दोषाचे दोन दोष होतात. सर्वत्र दिला जाणारा सल्ला म्हणजे प्लगच्या भोकातून डिझेल ओता आणि दोन दिवस थांबा. उभ्या सिलिंडरच्या गाडीला तो ठीक आहे. लॅम्ब्रेटाचा सिलिंडर आडवा असतो, त्यामुळे ओतलेले डिझेल खालच्या अंगाला साचते किंवा पोर्टातून (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीतून) सायलेन्सरमध्ये उतरते, आणि पिस्टनची वरची बाजू कोरडीच राहते. म्हणून मी इंजिन उतरवतो. ते चौकटीला एका लांब आडव्या बोल्टवर आणि मागच्या शॉकअपवर टांगलेले असते. हा लांब बोल्ट रबरी बुशांच्या आतल्या नळीत गंजून बसलेला असतो आणि काढायला पुष्कळदा अख्खा दिवस घेतो. त्याला रोज थोडे गंजसोडू तेल देत एक आठवडा थांबलात तर हातोडा फारसा लागत नाही. इंजिन बाहेर आले की हेडचे चार नट काढायचे, सिलिंडरचे तोंड वर येईल असे इंजिन उभे करायचे, आणि पिस्टनच्या डोक्यावर डिझेल व गिअरबॉक्सचे पातळ तेल निम्मे-निम्मे मिसळून भरायचे. आठ दिवस थांबा. मग पिस्टनच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. पिस्टन केसभर जरी हलला तरी थांबून पुन्हा तेल भरा. लोखंडी रॉड ठेवून घण घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पिस्टनला भोक पडते आणि रॉड वाकतो.

हे करण्याआधी, पंख्याभोवतालचे आणि सिलिंडरवरचे पत्र्याचे आवरण जरूर काढा. लॅम्ब्रेटाचे इंजिन वाऱ्याने थंड होते आणि तो वारा मॅग्नेटवरचा (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चाकावरचा) पंखा या आवरणातून ढकलतो. तुमची गाडी यंत्रमागाच्या शेडमध्ये होती, म्हणून मला जवळजवळ खात्री आहे की आत कापसाच्या तंतूंचा तेलकट थर बसलेला असेल आणि त्यात उंदरांनी घर केलेले असेल. एका गाडीतून मी मूठ-मूठ करत अर्धी पिशवी भरेल एवढा कापूस काढला होता. ती गाडी बाहेरून स्वच्छ होती आणि तिचे आधीचे तीन पिस्टन उन्हाळ्यातच सीज झाले (तापून सिलिंडरमध्ये अडकले) होते. सोलापूरच्या मे महिन्यात हवाच ४२ अंशांवर असते, तिथे सिलिंडरवरच्या पात्यांच्या फटी बुजलेल्या इंजिनाला काही आशा नसते.

पिस्टन निघाल्यावर सिलिंडर घासलेटने धुऊन उन्हात पाहा. मूळ बोअर (आतला व्यास) ५७ मिलिमीटर आहे आणि सिलिंडर ओतीव लोखंडाचा असल्यामुळे तो पुन्हा बोअर करता येतो. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर केवळ होनिंग (आतून बारीक घासणे) करून भागवू नका. मात्र बोअरिंगला देताना आधी नवा पिस्टन विकत घ्या आणि तो टर्नरच्या हातात द्या. पिस्टनवरचे माप आणि प्रत्यक्ष पिस्टन यांत फरक निघतो, म्हणून बोअर हा छापील मापाला नव्हे, हातातल्या पिस्टनला करायचा असतो. या बाबतीत आपण सोलापूरकर भाग्यवान आहोत. यंत्रमागांच्या सुट्या भागांमुळे इथे लेथवर बारीक काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले आहेत. पण मागाचे काम करणाऱ्या टर्नरला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते: टू-स्ट्रोक सिलिंडरच्या भिंतीत पोर्टाच्या खिडक्या असतात आणि बोअरिंगनंतर त्यांच्या कडा धारदार होतात. त्या कडा बारीक कानसेने किंचित मारून घेतल्या नाहीत तर रिंग खिडकीत अडकून तुटते. रिंगांची टोकेही पिस्टनच्या खाचेतल्या खुंटीवरच आली पाहिजेत.

यानंतर येतो माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा, आणि बाहेरून तो अजिबात दिसत नाही, म्हणून त्यावर पैसे घालायला लोक तयार नसतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबले जाते आणि मग वर जाते. म्हणजे क्रँककेस हाही एक पंपच आहे आणि तो हवाबंद असलाच पाहिजे. क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. २२ वर्षांत ते रबर लाकडासारखे कडक झालेले असते. मॅग्नेटच्या बाजूचा सील गळू लागला की तिथून जादा हवा आत येते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि पिस्टन सीज होतो. चेनकडच्या बाजूचा सील गळला तर गिअरचे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी हळूहळू उतरते. गाडी ‘थंड असताना चालते, तापल्यावर बंद पडते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुधा कार्ब्युरेटर चार वेळा साफ केलेला असतो, प्लग आणि कॉइल बदललेली असते, आणि सील मात्र मूळचाच असतो. त्या शिक्षकांच्या गाडीत मला जे कारण सापडायला एक वर्ष लागले, ते हेच होते.

म्हणून दोन्ही सील, सगळी बेअरिंगे आणि सगळी गॅस्केटे बदला. जुने चांगले दिसते म्हणून काही ठेवू नका. इंजिन जोडल्यावर ते चौकटीत बसवण्याआधी हवाबंद आहे का हे तपासा. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबर व पत्र्याच्या तुकड्यांनी बंद करायची, एका तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि हातपंपाने अगदी थोडा, साधारण पाच-सहा पौंडांचा दाब द्यायचा. जास्त दिलात तर नवा सीलच उलटेल. मग जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहा. या तपासणीला अर्धा तास लागतो, आणि ती केल्याशिवाय मी आता एकही इंजिन गाडीत चढवत नाही. क्रँकच्या मोठ्या बेअरिंगचे रोलर गंजलेले असण्याचा संभव आहेच. रॉड वर-खाली ओढून पाहा, जराही खेळ जाणवला तर रॉड, पिन आणि बेअरिंग यांचा संच बदलून क्रँक डायल गेजवर सरळ करून घ्या.

क्लचच्या कॉर्क प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतील, त्या नव्याच टाका. गिअर आणि चेन यांच्या भागात पाऊण लिटरपेक्षा किंचित कमी, ९० ग्रेडचे तेल बसते. गिअरच्या दात्यांना सहसा काही झालेले नसते. त्या काळचे पोलाद चांगले होते.

टाकीच्या गंजासाठी खडी घालून हलवण्यापेक्षा विजेची पद्धत मला अधिक पसंत आहे. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा भरायचा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक टाकीला आणि धन टोक आत लोंबणाऱ्या साध्या लोखंडी सळीला जोडायचे, सळी टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही, आणि एक-दोन दिवस ठेवायचे. गंज सुटून येतो आणि चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही. हे काम उघड्यावरच करा, कारण त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. स्टीलची न गंजणारी सळी वापरू नका. आणि जुन्या पेट्रोलची वाफ पूर्ण गेल्याशिवाय टाकीजवळ वीज नेऊ नका. शेवटचे धुणे बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने न करता फिल्टरच्या पाण्याने करा, आणि लगेच वाळवून आतून तेलाचा हात फिरवा.

पेट्रोलविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आजोबांच्या काळचे पेट्रोल आता मिळत नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या घडणीच्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, आणि हवेतले पाणी ओढून घेते. तेव्हा पेट्रोल कॉकचे रबर, नळी आणि कार्ब्युरेटरच्या वॉशर या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्याच घ्या. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ होते, म्हणून मी मेन जेट मूळ मापापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा ठेवतो आणि मग प्लगचा रंग पाहून कमी करतो. तपकिरी रंग आला की थांबायचे. पांढरट दिसला तर इंजिन लगेच बंद करायचे. चांगल्या टू-टी तेलाचे प्रमाण पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत ४ टक्के, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

विजेचे काम त्या मानाने थोडे आहे. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर, नवा कंडेन्सर, नवी वायर. गाडीची वीज सहा व्होल्टची आहे आणि तिचा दिवा मंद असतो हे खरे आहे. रात्री चालवायचीच असेल तर बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याला माझी हरकत नाही, फक्त मूळ मॅग्नेट आणि प्लेट कापडात गुंडाळून जपून ठेवा.

चाकांच्या बाबतीत मात्र एक सूचना जिवाची आहे. लॅम्ब्रेटाची दहा इंची रिम दोन अर्धांची असते आणि ते अर्ध नटांनी जोडलेले असतात. चाक ड्रमपासून सोडवणारे नट वेगळे आणि हे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिम जोडणारे नट सोडले तर दोन्ही अर्ध उडतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या मनगटाचे हाड यात मोडले आहे. म्हणून पान्हा लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडा, चाक रिकामे दिसत असले तरीही. टायर ३.५० बाय १० मापाचे नवे सहज मिळतात. जुन्यावर नक्षी शिल्लक असली तरी ते वापरू नका. ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका, कारण त्या काळच्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या.

एवढे झाले की गाडी चालू होईल, आणि ती दिसेल मात्र जुनी, डागाळलेली. इथेच तुमच्या संयमाची परीक्षा आहे. ती तशीच चालवा. मी रन-इनसाठी (नवे भाग एकमेकांत नीट बसण्यासाठी) पहाटे तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत जातो, तिथे इंजिन पूर्ण थंड होऊ देतो आणि परत येतो. एका दमात तुळजापूर गाठायचा हट्ट पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये करायचा नाही. या फेऱ्यांतच कळते की तिसऱ्या गिअरमध्ये कुठे घसरते, स्टँडचे कान कुठे फाटले आहेत, कोणती केबल कुठे घासते. हे सगळे रंगाच्या आधी दुरुस्त होते.

आणि या काळात तुम्ही आपल्या डोळ्यांनी तो जुना रंग पाहाल. तुम्ही लिहिले आहे की लेगशील्डच्या आतल्या बाजूला आजोबांनी ब्रशने लिहिलेला शेडचा क्रमांक अजून वाचता येतो. कोणताही रंगारी, तो कितीही कुशल असला तरी, ते अक्षर परत आणून देऊ शकणार नाही. मूळ रंग ६० टक्के जरी शाबूत असेल तरी मी ग्राहकाला रंग न देण्याची विनंती करतो: सौम्य साबणाने धुवावे, बारीक पॉलिशने हलक्या हाताने उजळावे, गंजलेल्या जागा तेवढ्या थांबवाव्यात आणि वर मेण द्यावे. मी ज्या गाड्यांना रंग दिला त्यांतल्या तीन गाड्यांबद्दल मला आजही वाईट वाटते. पत्रा सडून भोके पडलेली असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा रंग द्यावाच लागतो. सँडब्लास्टिंग फक्त जाड नळीला करा, पॅनेलना नको, कारण त्या माऱ्याने पातळ पत्रा लाटांसारखा होतो. भोकांवर पुट्टी थापू न देता नवा पत्रा वेल्ड करून घ्या, आणि काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान द्या. पावसाळ्यात रंगाखाली ओलावा अडकतो आणि मे महिन्यातल्या वावटळीत प्रत्येक थरावर धूळ बसते.

कागदांचे काम इंजिनाला हात घालण्याआधीच सुरू करा. गाडी आजोबांच्या नावावर असल्यामुळे वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५. हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदी बहुतेक वेळा संगणकावर चढलेल्या नसतात, ती नोंद आधी करून घ्यावी लागते, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचीही सोय झाली आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि तिची मुदत दहा वर्षे असते, पण अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला सकाळी नवी पेठेत भाजी आणायला ती न्यायची असेल तर साधे नूतनीकरणच करा.

खर्चाचा एक आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण इंजिन उघडण्याआधी दिलेला आकडा खोटाच ठरतो. माझ्या वहीतून एवढे मात्र खात्रीने सांगतो की जवळजवळ प्रत्येक गाडीत पत्रा, रंग आणि क्रोम यांवर इंजिनापेक्षा जास्त पैसे गेले आहेत. म्हणजे माझ्या क्रमाने गेलात तर कमी खर्चाचा आणि जास्त उपयोगाचा भाग आधी होतो, आणि पैसे मध्येच संपले तरी तुमच्या हातात चालणारी गाडी असते. काढलेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, फोटो काढून आणि चिठ्ठी बांधून ठेवा. नवा भाग चुकीचा आला हे ओळखण्यासाठी जुन्याइतका विश्वासू नमुना नाही.

राहिले ते हरवलेले पॅनेल. नवे पॅनेल मिळते, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरलात तर जुनेही मिळू शकेल. पण त्याआधी शेडच शोधा. लॅम्ब्रेटाच्या प्लगपर्यंत हात जाण्यासाठी बाजूचे पॅनेल काढावे लागते आणि बंद पडायला लागलेल्या गाडीचा प्लग माणूस रोज काढतो. माझा अंदाज असा आहे की २२ वर्षांपूर्वी गाडी शेवटची सुरू करून पाहताना आजोबांनी ते काढून जवळच कुठेतरी, मागाच्या मागे किंवा पोटमाळ्यावर, टेकवून ठेवले असेल. या रविवारी टॉर्च घेऊन जा, चेसिस क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढा आणि पॅनेल सापडते का पाहा. दोन्ही कळवा, म्हणजे इंजिन उतरवण्यासाठी कोणती हत्यारे जमवायची ते मी सांगतो.